चित्रात एक्स्प्रेशन आणायचं कसं? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी सुधीर पटवर्धनांच्या चित्रांवर लिहिलं होतं आणि शेवटी सहज म्हटलं की काही विचारायचं असेल तर पाठवा, तर मेलबॉक्स भरूनच गेला. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, एकसारखे प्रश्न एकत्र केलेत. ज्यांच्या हातात तो अंक आला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी: पटवर्धन 1949 साली पुण्यात जन्मले, तिथल्याच आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजातून (एएफएमसी) डॉक्टर झाले, ठाण्यात 1975 ते 2005 रेडिओलॉजिस्ट म्हणून काम केलं, आणि आर्ट कॉलेजची पायरी न चढता आज देशातल्या मोठ्या चित्रकारांत त्यांचं नाव घेतलं जातं. रेल्वेचा पूल, लोकलचा डबा, इराण्याचं हॉटेल, ठाण्यातला नाला, लोअर परळ असले त्यांचे विषय. आता प्रश्न.

ताई, मी ठाण्यात बँकेत आहे, वय 43, ऑफिसनंतर अ‍ॅक्रिलिकमध्ये पेंटिंग करते. ग्रुप शोमध्ये चित्र लावलं की सगळे म्हणतात फिनिशिंग मस्त आहे पण एक्स्प्रेशन कमी पडतंय. मग मी नाइफने जाड रंग लावून पाहिला, ड्रिपिंग केलं, चिडलेली असताना मुद्दाम रंगवायला बसले, सगळं करून झालं. अजून काय करू?

चिडलेलं असताना रंगवू नका हे पहिलं, रंग फुकट जातात आणि अ‍ॅक्रिलिकचे भाव तुम्हाला माहीत आहेतच.

आता मुद्द्याचं. आपल्याकडे एक समजूत पक्की बसलीय की एक्स्प्रेशन म्हणजे माझ्या आत काहीतरी खदखदतंय आणि ते मी कॅनव्हासवर ओतलं, म्हणून मग जाड रंग, ओरखडे, लाल-काळं, वाहिलेले ओघळ. यात चूक काही नाही, पण ते ओघळ आता इतक्या लोकांनी काढलेत की बघणाऱ्याला त्यात तुमचा राग दिसत नाही, फक्त ओघळ दिसतो. मला विचाराल तर ज्यांच्या चित्रांत खरंच काही बोलतं ते लोक बहुतेक वेळा स्वतःकडे कमी आणि समोरच्याकडे जास्त बघत असतात. पटवर्धनांचं 1980 चं 'ट्रेन' किंवा 1981 चं 'ओव्हरब्रिज' घ्या. त्यात ना कुणी ओरडतंय ना रंग उडालेत, माणसं आपापल्या जागी आहेत, पण त्यांचं थकणं, गर्दीत असूनही एकटं असणं तुम्हाला पोचतं. ते कशातून पोचतं? चेहऱ्यातून म्हणाल तर थोडंच, जास्त करून अंगाच्या ठेवणीतून.

तुम्ही ठाण्यातच राहता म्हणून एक करा. लोकलमध्ये चौथ्या सीटवर, म्हणजे तिघांच्या बाकावर चौथा म्हणून, बसलेल्या माणसाकडे नीट बघा. एका बाजूचंच बूड टेकलेलं असतं, दुसरं हवेत, म्हणून बाहेरच्या बाजूचा पाय जमिनीवर रोवलेला, गुडघा पॅसेजमध्ये आलेला, पोटऱ्या ताठ, आणि वरचं अंग मात्र असं की जणू आरामात बसलाय, पेपर उघडलेला. खालचं अंग झगडतंय आणि वरचं अंग काही झालंच नाही असं दाखवतंय. हे तुम्ही काढलंत ना, फक्त चारकोलने, भाव-बिव काही न घालता, तरी त्यात एक्स्प्रेशन येणार. हँडल धरून उभा असलेलाही बघा, धरलेल्या हाताचा खांदा कानापर्यंत चढतो, मान त्यात रुतते, शर्ट त्या बाजूने पँटीतून सुटून वर येतो आणि दुसऱ्या हातातली बॅग सगळं अंग खाली ओढत असते. फोटोवरून काढू नका, फोटोत वजन कळत नाही.

आणि हो, फिनिशिंग. तुमचं फिनिशिंग चांगलं असेल तर ते टाकून देऊ नका कुणी म्हणतंय म्हणून. फक्त सगळीकडे सारखं फिनिशिंग करू नका, जिथे तुमची नजर खरंच थांबली होती तिथे करा आणि बाकीचं सोडून द्या.

नमस्कार. मी पुण्याचा, निवृत्त इंजिनियर. आपण छापलेली चित्रं पाहिली. माणसं ठोकळ्यासारखी, हात जाडजूड, माना आखूड. डॉक्टर माणसाला अ‍ॅनाटॉमी येत नाही असं तर म्हणता येणार नाही. मग हे मुद्दाम का करायचं?

काका, प्रश्न एकदम बरोबर जागी लागलाय. अ‍ॅनाटॉमी येते म्हणूनच करता येतं.

तुम्ही इंजिनियर आहात तर तुम्हाला लोडची भाषा चालेल. शरीर हे भार पेलणारं स्ट्रक्चर आहे असं धरून माणूस काढला तर कुठला भाग किती मोठा काढायचा हे त्या भागावर किती भार आलाय यावर ठरायला लागतं, फूटपट्टीवर नाही. दिवसभर हमाली केलेल्याचे हात त्याच्या स्वतःला जेवढे जड वाटतात तेवढे कॅनव्हासवर जड काढायचे. फ्रान्सच्या सेझानने फळं आणि माणसं दोन्ही अशीच भरीव बांधली, तिथल्याच फर्नां लेजेने कामगार जवळपास पाइप जोडल्यासारखे केले, आणि पटवर्धनांनी हे लोक पुस्तकांतून, प्रिंट्समधून अभ्यासले. 1977 चं त्यांचं 'इराणी रेस्टॉरंट' आहे त्यातला बसलेला माणूस बघा, देखणा नाही, पण जागा अडवून बसलाय, त्याला उठवायची तुमची हिंमत होणार नाही. आपल्याकडच्या चित्रांत गरीब माणूस म्हटलं की खपाटीला गेलेलं पोट आणि मोठे पाणीदार डोळे असा जो शिरस्ता होता तो इथे मोडला. दया नकोय या माणसांना.

वाकडं काढायचंही कारण प्रत्येकाचं वेगळं असतं. गोव्यातल्या साळगावचा चित्रकार सूझा, जन्म 1924, तोही चेहरे वाकडे करायचा, डोळे कपाळात, दात बाहेर, रेघ अशी की सुरीने ओढलीय, पण त्याच्या वाकडेपणात चीड आहे, चर्चवर, सभ्य लोकांवर, स्वतःवरसुद्धा. पटवर्धनांच्या जाड हातांत चीड नाही. दोघांची चित्रं शेजारी ठेवून बघा, मग 'डिस्टॉर्शन' हा एकच शब्द दोघांना वापरणं किती आळशीपणाचं आहे ते कळतं.

एक्स-रे बघणारा डॉक्टर म्हणून त्यांना माणसाच्या आतलं दिसतं, असं बरेच लोक लिहितात. मला ते जरा जास्तच सोयीचं वाटतं. उलट मला वाटतं की रेडिओलॉजिस्टकडे दिवसभर साधी माणसं येतात, शर्ट काढून, जरा अवघडून, श्वास रोखून उभी राहतात, कुणी पोज देत नाही कारण सगळ्यांना भीती असते रिपोर्टची. तीस वर्षं असं बघायला मिळणं ही कुठल्याही आर्ट कॉलेजच्या मॉडेल क्लासपेक्षा मोठी गोष्ट आहे. बर्लिनची चित्रकार केथे कोल्विट्झ, तिचंही असंच, नवरा कामगार वस्तीत डॉक्टर, त्याच्याकडे येणाऱ्या बायका तिच्या चित्रांत आल्या, आणि 1890 च्या दशकात तिने विणकरांच्या उठावावर जी मालिका केली ती आजही बघवत नाही इतकी खरी आहे.

मॅडम, स्पष्ट विचारतो, राग मानू नका. माझे वडील लालबागला गिरणीत होते, संपात नोकरी गेली. आता आमच्यासारख्यांची चित्रं काढून एक डॉक्टर मोठा होतो, ती चित्रं गॅलरीत एसीत लागतात, लाखांना विकली जातात. आम्हाला काय मिळालं यातून?

राग कसला. हा प्रश्न पटवर्धनांनी स्वतःला तुमच्या आधी विचारलाय आणि मला वाटतं तो त्यांच्या चित्रांच्या मुळाशीच आहे. ते 1973 ला मुंबईत आले तेव्हा मार्क्सवादी विचारांचा त्यांच्यावर चांगलाच प्रभाव होता, कामगार हा इतिहास घडवणारा माणूस आहे, त्याला चित्रात मानाची जागा द्यायची, अशी सुरुवात. पण आपण मध्यमवर्गीय, डॉक्टर, त्यांच्यातले नाही आणि होऊ शकत नाही हेही पहिल्यापासून ठाऊक. आपण ज्यांना रंगवतो त्यांना त्या चित्रात स्वतःला ओळखता यावं अशी इच्छा त्यांनी अनेकदा बोलून दाखवलीय. ती किती पुरी झाली हा वेगळा विषय, आणि त्यावर ते स्वतःही फार दावे करत नाहीत.

तुम्हाला एक डॉक्युमेंटरी सुचवते, 'साचा', अंजली मोंतेरो आणि के. पी. जयशंकर यांची, 2001 ची. त्यात एकीकडे नारायण सुर्वे आहेत आणि दुसरीकडे पटवर्धन, दोघंही गिरणगावाबद्दल. सुर्वे म्हणजे आतला माणूस, गिरणी कामगाराने रस्त्यावरून उचलून वाढवलेलं पोर, जे त्या चाळीत जगून कवी झालं. पटवर्धन बाहेरून आलेले. फिल्म कुणाला मार्क देत नाही, पण बघताना लक्षात येतं की सुर्व्यांच्या कवितेत 'आम्ही' म्हणायचा हक्क आहे आणि पटवर्धनांच्या चित्रात तो नाही, म्हणून तिथे माणसं जरा अंतरावर, पुलावरून, पलीकडच्या फुटपाथवरून बघितल्यासारखी दिसतात. ते अंतर त्यांनी लपवलं नाही. मला स्वतःला ही सगळ्यात प्रामाणिक गोष्ट वाटते, कारण गळ्यात पडून 'मी तुमच्यातलाच' म्हणणारे चित्रकार आपण भरपूर बघितलेत.

1982 च्या संपानंतर गिरण्या एकेक बंद होत गेल्या, त्यांच्या जमिनींवर टॉवर आणि मॉल आले, आणि पटवर्धनांच्या चित्रातला भरीव कामगारही पुढे बदलत गेला. कधी माणसं लहान झाली आणि शहर वाढलं, '92-93 च्या दंगलींनंतर हिंसा आली, 1996 च्या चित्राचं नावच 'रायट' आहे. 2001 च्या 'लोअर परळ' या चित्राकडे तुम्ही जरूर बघा, तुमच्या वडिलांचा तो सगळा भाग आहे, बदलत असतानाच पकडलेला. पैशाबद्दल तुमचं म्हणणं खोडून काढायला माझ्याकडे काही नाही. चित्रं विकली जातात आणि घेणारे गिरणगावातले नसतात, हे खरंच आहे. पण ती जागा, ती माणसं कुणीतरी एवढ्या गांभीर्याने मोठ्या कॅनव्हासवर मांडली नसती तर आज आपल्याकडे बिल्डरची ब्रोशर्स तेवढी उरली असती, असंही मला वाटतं. तुम्हाला पटेलच असं नाही.

मी कोल्हापूरला पेंटिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरचे म्हणतात एटीडी (चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा) करून शाळेत लाग. सर म्हणतात नोकरी केलीस की आर्टिस्ट संपला. ताई तुम्हीच सांगा.

तुझ्या सरांचा आदर ठेवून सांगते, हे वाक्य जे म्हणतात त्यातल्या बहुतेकांना महिन्याच्या महिन्याला पगार मिळत असतो.

पटवर्धनांचं टाइमटेबल बघ. 1975 ला ठाण्यात प्रॅक्टिस सुरू, 1979 ला दिल्लीत नाट्यदिग्दर्शक इब्राहिम अल्काझींच्या आर्ट हेरिटेज गॅलरीत पहिला सोलो, 1981 ला 'प्लेस फॉर पीपल' हे गाजलेलं प्रदर्शन ज्यात भूपेन खख्खर, गुलाम मोहम्मद शेख, नलिनी मलानी, विवान सुंदरम, जोगेन चौधरी यांच्या बरोबरीने हे. हे सगळं चालू असताना ते रोज एक्स-रे बघत होते. 2005 ला प्रॅक्टिस थांबवून पूर्ण वेळ चित्रकार झाले, म्हणजे तोपर्यंत वय छप्पन्न. 2019-20 मध्ये मुंबईच्या नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टमध्ये (एनजीएमए) त्यांचा मोठा रेट्रोस्पेक्टिव्ह, म्हणजे आजवरच्या कामांचं प्रदर्शन, झाला तेव्हा सगळी मिळून चार-पाच दशकांची कामं लागली होती. नोकरीने संपले असते तर एवढं कुठून आलं असतं?

पण याचा अर्थ नोकरी चांगली असाही घेऊ नकोस. डॉक्टरकी आणि शाळेतली नोकरी यात फरक आहे, स्वतःची प्रॅक्टिस असली की वेळ थोडा तरी आपल्या हातात असतो, शाळेत चित्रकला शिक्षकाला इलेक्शन ड्यूटीपासून गॅदरिंगच्या बॅकड्रॉपपर्यंत सगळं करावं लागतं, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा जवळ आल्या की घरी आल्यावर ब्रश बघवत नाही. मी पाहिलंय की शाळेत लागलेल्यांपैकी जे टिकले ते सकाळी काम करणारे होते, रात्री करू म्हणणारे हळूहळू गळाले. दुसरी गोष्ट विक्रीची. चित्र विकून घर चालवायचं ठरवलं की दोन-तीन वर्षांत तू तेच काढायला लागतोस जे एकदा विकलं गेलं होतं. गणपती विकला की गणपती, घोडे विकले की घोडे. नोकरी असणाऱ्याला निदान हवं ते वाईट चित्र काढायची मुभा असते, आणि तुझ्या वयात वाईट चित्रं काढायची मुभा फार गरजेची आहे.

एटीडी कर. करता करता एक ठरावीक जागा पकड, बिंदू चौक म्हण, मंगळवार पेठेतली एखादी तालीम म्हण, आणि तिथेच परत परत जा. पटवर्धनांनी ठाणं सोडलं नाही, त्यांच्या घराजवळचं, ठाण्यातलंच पोखरण त्यांच्या चित्रात येतं, नाला येतो. विषय शोधायला हिमाचलला जायची गरज नाही, बसचं भाडं वाचव.

लोकलमध्ये स्केच करायला लागले की लोक रागावतात किंवा डोकावून बघतात, बायकांच्या डब्यात तर जास्तच. काय करायचं?

छोटी वही घ्या, तळहाताएवढी, आणि पेन. मोठं पॅड काढलंत की शोच होतो. समोरच्याला काढू नका, तिरप्या कोनातल्याला काढा, त्याला कळत नाही. चेहरा शेवटी, किंवा काढूच नका. कुणी पकडलंच तर वही सरळ पुढे करायची, लपवायची नाही. माझा अनुभव आहे की लपवलं की भांडण आणि दाखवलं की 'माझ्या मुलीला पण ड्रॉइंग आवडतं' सुरू होतं, दादरपर्यंत सुटका नाही मग. आणि कुणी नको म्हणालं तर पान फाडून त्यांच्या हातात द्यायचं, वाद घालायचा नाही.

मला अ‍ॅब्स्ट्रॅक्ट आवडतं. तुम्ही म्हणता माणसांकडे बघा, मग गायतोंडे एक्स्प्रेसिव्ह नाहीत का? (नागपूरहून)

नागपूरकरांनी अ‍ॅब्स्ट्रॅक्ट चित्रकार वासुदेव गायतोंडे विचारणं साहजिकच आहे, त्यांचा जन्मच तिथला, 1924 चा. आहेत की एक्स्प्रेसिव्ह, पण तिथेही तेच बघा, त्यात ओतणं कुठे आहे? रोलर आणि नाइफने रंग लावायचा, काढायचा, परत थर, परत काढणं, आणि वर्षाकाठी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच कॅनव्हास. काम हळू, बसून बघणं जास्त. म्हणजे समोर माणूस नसेल तर कॅनव्हास आहे, त्याच्याकडे बघायचं. घाई दोन्हीकडे चालत नाही. तुमच्याकडे अ‍ॅब्स्ट्रॅक्ट म्हणून जे अर्ध्या तासात उरकलं जातं त्याबद्दल मी काही बोलत नाही.

ऑइल चांगलं की अ‍ॅक्रिलिक? वन बीएचकेमध्ये राहतो, घरात लहान बाळ आहे.

बाळ आहे तर ऑइल आत्ता नकोच, टर्पेंटाइनचा वास बंद घरात राहतो. अ‍ॅक्रिलिक घ्या. त्याचा प्रॉब्लेम एवढाच की उन्हाळ्यात पॅलेटवरच वाळतं, त्यासाठी पाण्याचा स्प्रे जवळ ठेवा किंवा रंग उशिरा वाळावा म्हणून रिटार्डर मिळतं ते थोडं मिसळा, जास्त घातलंत तर रंग चिकट राहतो. माणसांच्या अंगाचे टोन एकमेकांत मिसळायचे असतील तर ऑइलसारखं हळूहळू घोळवत बसता येत नाही, पातळ थरांवर थर द्यावे लागतात, पण त्याने एक फायदा होतो की चुकलेला हात तासाभरात पुन्हा काढता येतो. ऑइल पुढे कधी केलंत तर खालचे थर पातळ आणि वरचे तेलकट ठेवा, उलटं केलं की तडे जातात, आणि पावसाळ्यात ओलं चित्र भिंतीला टेकवून ठेवू नका, मागून बुरशी धरते. सध्या चारकोल आणि न्यूजप्रिंटवरच महिनाभर काम केलंत तर सगळ्यात बरं, बाळाच्या हाताला लागलं तरी धुतलं की निघतं, आणि बाळ झोपलेलं असतं तेव्हा त्याच्याइतका चांगला मॉडेल मुंबईत मिळणार नाही.